आईच्या नावाचे चेक: कामाच्या नोंदी

3 जून 2024

आई एप्रिलमध्ये गेली. बाबा आधीच गेलेले, त्यामुळे वारस आम्ही दोघंच: ताई आणि मी. घर आणि मोठ्या ठेवी यांचं काय करायचं ते आम्हाला साधारण माहीत आहे. या नोंदी त्यासाठी नाहीत. आईच्या नावाने पोस्टाने आणि बँकेत जे बारीकसारीक पैसे येत राहिलेत, त्यांच्यासाठी ही वही.

आज टेबलावर आहेत ते असे: 84 रुपयांचं एक डिव्हिडंड वॉरंट (शेअरवरचा लाभांश देणारा चेकसारखा कागद), पतसंस्थेचा 450 रुपयांचा चेक, 2021 सालचं न वटवलेलं 62 रुपयांचं एक वॉरंट आणि एका कंपनीच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे तिच्या शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं, पत्र. पत्रात लिहिलंय की केवायसी अपूर्ण असल्यामुळे डिव्हिडंड रोखून ठेवला आहे. शिवाय बँकेच्या मेसेजनुसार आईच्या बचत खात्यात मे महिन्याचं पेन्शन जमा झालं आहे.

ताई फोनवर म्हणाली, "अरे, चौऱ्याऐंशी रुपयांसाठी तू बँकेच्या पायऱ्या झिजवणार का? दे सोडून." रकमेपुरतं तिचं बरोबर आहे. पण ते वॉरंट नीट पाहिलं तर त्याच्या डाव्या कोपऱ्यात डीमॅटचा (शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्याचा) आकडा छापलाय, खाली शेअरची संख्या आणि दर शेअरमागचा डिव्हिडंड. आईकडे या कंपनीचे शेअर होते हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. वॉरंट आलं नसतं तर कधी कळलंही नसतं. म्हणून ठरवलं: रक्कम कितीही छोटी असो, एकही कागद फेकायचा नाही. प्रत्येकाची एक ओळ करायची: कोणी पाठवला, फोलिओ (कंपनीच्या नोंदीतलं शेअरधारकाचं खातं) किंवा खाते क्रमांक, तारीख आणि तो कशामुळे आला. शेवटचा रकाना महत्त्वाचा.

12 जून 2024

बँकेत गेलो. शाखेतल्या मॅडम समजूतदार होत्या. आईचं खातं एकटीच्या नावावर, नॉमिनी मी. मृत्यू दाखला, माझा ओळखीचा पुरावा आणि क्लेम फॉर्म दिला. नॉमिनी असेल तर वारस दाखला किंवा न्यायालयाचं प्रमाणपत्र मागायचं नाही, आणि सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा, असं रिझर्व्ह बँकेचं जून 2005 पासूनचं परिपत्रक आहे. मॅडमनीच त्याची छापील प्रत काढून दाखवली.

मग मी मुद्द्यावर आलो. हे चेक माझ्या खात्यात भरता येतील का? नाही. तिन्ही कागदांवर दोन तिरप्या रेघा आणि "अकाउंट पेयी". असा चेक ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच खात्यात जमा करायचा, दुसऱ्या कुणाच्या खात्यात भरून घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना स्पष्ट आदेश आहे. मुलगा असलो, नॉमिनी असलो, तरी हे बदलत नाही. मागे सही करून घेतो म्हणालं तरी उपयोग नाही. ज्या व्यक्तीने सही करायची तीच नाही.

आणि 2021 चं वॉरंट तर कुणाच्याच खात्यात भरता येणार नाही. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे. मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले असं मात्र नाही. ते कंपनीकडे पडून आहेत, फक्त तो कागद निरुपयोगी झालाय.

एक गोष्ट बँकेतून घरी येताना ताईला स्पष्ट सांगितली. आईच्या एटीएम कार्डचा पिन तिला माहीत आहे, आजारपणात तीच पैसे काढून आणायची. आता त्या कार्डाला हात लावायचा नाही. पैसे आपलेच असले तरी ते वारस म्हणून क्लेम करून घ्यायचे, आई जिवंत असल्यासारखे काढायचे नाहीत. ताईने त्याच संध्याकाळी कार्ड माझ्याकडे आणून दिलं.

26 जून 2024

पेन्शनचा विषय. मे महिन्याचं पेन्शन आपलं नाही. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत देय असतं, त्यानंतरचं परत जातं. कोषागाराला आणि बँकेला मृत्यू दाखल्यासह पत्र दिलं आणि जादा जमा झालेली रक्कम वळती करून घ्या, असं स्वतःहून लिहिलं. एप्रिलचे मृत्यूपर्यंतचे दिवस मात्र आईचे हक्काचे आहेत, तो हिशेब त्याच पत्रात वेगळा मागितला.

हे इथे लिहून ठेवतोय कारण मेलेल्या माणसाच्या नावाने आलेले सगळेच पैसे वारसांचे नसतात. डिव्हिडंड, ठेवीवरचं व्याज, विम्याचा परतावा हे मालमत्तेतून येतात, मालमत्ता वारसांकडे जाते, म्हणून तेही जातात. पेन्शन आणि सरकारी मदतीचे हप्ते त्या माणसाच्या हयातीला बांधलेले असतात. पीएम-किसानच्या हप्त्याचंही तेच. लाभार्थी गेल्यावर आलेला हप्ता परत करायचा आणि वारसाने पात्र असेल तर नव्याने नोंदणी करायची. वहीत आता प्रत्येक ओळीपुढे "मालमत्तेतून" की "हयातीमुळे" हे लिहितो.

9 जुलै 2024

बँकेने क्लेम मंजूर करण्याआधी एक फॉर्म पुढे केला. आजवर मला याची कल्पनाच नव्हती, आणि मला वाटतं बहुतेकांना नसते. खातं बंद झाल्यावरही आईच्या नावाने पैसे येत राहणार, त्यांचं काय करायचं हे बँकेला आधीच लिहून द्यायचं असतं. पर्याय दोन. एक, बँक "दिवंगत अमुक यांची इस्टेट" अशा नावाचं खातं उघडते. त्यात येणारे पैसे जमा होतात, पण काढता येत नाहीत. दुसरा, आलेली रक्कम "खातेदार मृत" असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि बँक नॉमिनीला कळवते. मग आपण पाठवणाऱ्याकडे जाऊन योग्य नावावर पैसे मागायचे.

आम्ही दुसरा घेतला. पहिला वरवर सोयीचा दिसतो, पण त्यात पैसे मुक्कामी येऊन अडकतात, आणि मुख्य म्हणजे पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. त्याच्या लेखी आई आहेच, पुढच्या वर्षीही तो तिच्याच नावाने पाठवणार. रक्कम परत गेली की त्याच्या नोंदीत खटका पडतो. प्रत्येक चेक वटवायच्या मागे लागण्यापेक्षा तो जिथून निघतो तिथलं नाव बदलायचं, हे आता पक्कं केलं. चेक हा परिणाम आहे. काम फोलिओवर आणि खात्यावर करायचं आहे.

जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर हा कंपन्यांच्या वार्षिक सभांचा मोसम, म्हणजे डिव्हिडंडचाही. आता ओळी वाढतील.

5 ऑगस्ट 2024

ताईने आयकराच्या पोर्टलवर आईची कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली आणि 2023-24 चं विवरणपत्र मुदतीत भरलं. आईच्या पॅनवर दिसणाऱ्या नोंदींत आणखी दोन कंपन्यांचा डिव्हिडंड सापडला. पॅनवरच्या या नोंदी सगळ्यात आधी उघडायला हव्यात असं इतरांना मी सांगेन. पॅन इतक्यात रद्द करायचं नाही.

पतसंस्थेचा चेक मार्गी. सचिवांना मृत्यू दाखला दिला. नॉमिनी म्हणून बाबांचं नाव निघालं, तेही हयात नाहीत. नॉमिनीच हयात नसेल तर नॉमिनेशनला काही अर्थ उरत नाही, वारसांचाच अर्ज लागतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 30 प्रमाणे सभासदाचा हिस्सा कुणाकडे जावा हे ठरतं. आम्ही दोघांनी संयुक्त अर्ज आणि ना-हरकत दिली. सचिव म्हणाले, "बाईंनी आमच्या मुलीला चौथीला शिकवलंय. कागद मात्र पुरे लागतील हं." कागद पुरे दिले. जुना चेक रद्द करून नवा ताईच्या नावाने मिळाला, आणि सभासदत्वाचाही विषय त्याच अर्जात संपला.

20 ऑगस्ट 2024

डीमॅटचं काम अपेक्षेपेक्षा सरळ. नॉमिनी मी. ट्रान्समिशनचा, म्हणजे गेलेल्या व्यक्तीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा, फॉर्म, साक्षांकित मृत्यू दाखला, माझं पॅन आणि माझ्या डीमॅटचा तपशील. 84 रुपयेवाली कंपनी आणि पॅनवरून सापडलेल्या दोघी, तिन्हींचे शेअर माझ्या खात्यात आले. बरोबरीने माझा बँक तपशीलही लागू झाला, त्यामुळे पुढचा डिव्हिडंड आपोआप योग्य ठिकाणी येईल. परत गेलेल्या रकमांसाठी रजिस्ट्रारला ईमेल केला, सोबत जुन्या वॉरंटची प्रत आणि ट्रान्समिशन झाल्याचा पुरावा.

ताईने विचारलं, "नॉमिनी तू, म्हणजे शेअर तुझेच झाले ना?" नाही. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात ते वारसांसाठी सांभाळायला. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी कायद्याखालच्या शेअरबद्दलही हेच सांगितलं: नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही. निम्मे शेअर तिच्या डीमॅटला पाठवायचं ठरलं. तिला हे मीच आधी सांगायला हवं असं वाटत होतं, तिने विचारल्यावर बरं वाटलं. भावाबहिणींत असले प्रश्न मनात ठेवले की ते वाढतात.

24 सप्टेंबर 2024

कागदी शेअर. खरं काम हेच.

रोखून ठेवलेल्या डिव्हिडंडचं पत्र आलेली ती कंपनी. 1 एप्रिल 2024 पासून कागदी फोलिओत पॅन, पत्ता, बँक, सही यांचा तपशील पूर्ण नसेल तर डिव्हिडंड मिळत नाही. पूर्ण झाला की थेट बँकेत. म्हणजे या फोलिओतून चेक येणं बंदच झालंय. मूळ सर्टिफिकेट आईच्या शिक्षकी कागदपत्रांच्या फायलीत, सेवापुस्तकाच्या प्रतीखाली मिळालं. जाड, पिवळसर कागद, कडेने नक्षी, कंपनीचा उठावदार शिक्का बोटाला लागतो. पाठीमागे हस्तांतराचे रकाने. पहिल्या ओळीत दुसऱ्याच कुणाचं नाव, दुसऱ्या ओळीत आईचं. आणि तिथे आई माहेरच्या नावाने आहे. म्हणजे लग्नाआधी, नोकरीला लागल्या लागल्या तिने हे घेतले. नमुना सही देवनागरीत, अक्षरं अगदी फळ्यावर काढावीत तशी सुटी.

मृत्यू दाखल्यावर सासरचं नाव. कंपनीच्या लेखी या दोन वेगळ्या बाया.

रजिस्ट्रारला फोन केला तर लग्नाचा दाखला किंवा दोन्ही नावं जोडणारा सरकारी कागद मागितला. आई-बाबांच्या लग्नाची नोंदणी झालेलीच नव्हती. शेवटी सेवापुस्तकच कामी आलं: त्यात नाव बदलल्याची नोंद आहे, तारखेसह, अधिकाऱ्याच्या सहीने. त्याची साक्षांकित प्रत आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र. ज्यांच्या आईच्या किंवा आजीच्या नावाचे जुने कागद आहेत त्यांनी हे दुवे आत्ताच शोधून ठेवावेत: शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तक, जुनं रेशन कार्ड, राजपत्रातली नोंद.

याच फोलिओत आणखी एक गोष्ट निघाली. कंपनीच्या संकेतस्थळावर न घेतलेल्या डिव्हिडंडची यादी असते, वर्षवार. आईचं नाव 2018 पासून प्रत्येक वर्षी आहे. दर वर्षी शंभर-सव्वाशे रुपये. पत्ता बदलला तेव्हापासून वॉरंट पोचलेलीच नाहीत. सात वर्षं कुणी घेतला नाही की तो डिव्हिडंड गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातो. आणि सलग सात वर्षं घेतला नाही तर नुसता डिव्हिडंड नव्हे, शेअरसुद्धा तिकडे जातात. कंपनी कायद्याच्या कलम 124 मध्ये हे आहे. 2018 चा डिव्हिडंड 2025 मध्ये सात वर्षांचा होतो. तेव्हा पुढचं वर्ष ही अंतिम मुदत.

वर्षाला सव्वाशे रुपये म्हणून सोडले असते तर पन्नास शेअरच हातचे गेले असते. ताईला आज हे वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री तिने सगळ्या जुन्या पिशव्या उपसल्याचा फोटो पाठवला.

21 ऑक्टोबर 2024

या फोलिओला नॉमिनी नाही. तरी न्यायालयात जायची गरज नाही, कारण किंमत मर्यादेत आहे. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) 2022 च्या नियमांनुसार कागदी शेअरसाठी एका कंपनीमागे 5 लाखांपर्यंत आणि डीमॅटसाठी 15 लाखांपर्यंत सोपी पद्धत चालते: वारसांची प्रतिज्ञापत्रं, बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची हमी) आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. त्यापुढे असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, मृत्युपत्र किंवा महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई नियमावलीखालचा वारस दाखला.

दावा ताईच्या नावाने करतोय, ना-हरकत माझी.

याच महिन्यात राज्यात 100 आणि 200 रुपयांच्या स्टॅम्पचे 500 झाले. सव्वाशे रुपयांच्या डिव्हिडंडला पाचशेचा कागद, हे गणित एकेका चेकसाठी कधीच जुळणार नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रं चेकमागे करायची नाहीत, फोलिओमागे करायची, आणि त्यात "यापूर्वीचे सर्व न घेतलेले डिव्हिडंड आणि पुढे मिळणारे लाभ" असं स्पष्ट लिहून घ्यायचं. वकीलबाईंनी मसुद्यात ती ओळ घातली. रजिस्ट्रार आपापला ठरावीक नमुना देतो, तोच आधी उतरवून घ्यावा. स्वतःच्या भाषेत केलेलं प्रतिज्ञापत्र परत येण्याची शक्यता फार.

जिथे फोलिओ नाही, पुढे काही येणार नाही आणि रक्कम शंभराच्या आत आहे, अशा ओळी मी सोडल्या. उदाहरणार्थ एका मासिकाची उरलेली वर्गणी. त्यांना फक्त कळवलं की आई नाही, पैसे परत नकोत, अंक बंद करा. ते पत्रही पाठवावंच. नाहीतर तिच्या नावाने अंक येत राहतात आणि ते जास्त लागतं.

14 नोव्हेंबर 2024

कागद रवाना, स्पीड पोस्टाने. मूळ सर्टिफिकेट पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवली.

ताईच्या पिशव्यांतून आणखी एका कंपनीची जुनी पत्रं निघाली. आयईपीएफच्या संकेतस्थळावर आईचं माहेरचं नाव टाकलं, आणि सापडलं. हे शेअर आधीच निधीत गेलेत. सासरच्या नावाने शोधलं असतं तर काहीच दिसलं नसतं.

त्याच बैठकीत रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवरही दोन्ही नावांनी पाहिलं. दहा वर्षं न हाललेल्या बँक ठेवी तिथे दिसतात. काही नाही.

16 जानेवारी 2025

कागदी शेअरवाल्या पहिल्या कंपनीचं पुष्टीपत्र आलं. आता नवं कागदी सर्टिफिकेट देत नाहीत; हे पत्र घेऊन 120 दिवसांत शेअर डीमॅटला टाकायचे होते. ताईने त्याच आठवड्यात अर्ज दिला. 2018 पासूनचा सगळा डिव्हिडंड एकरकमी तिच्या खात्यात. निधीकडे जायच्या आधी.

11 मार्च 2025

निधीत गेलेल्या शेअरची वाट उलट्या क्रमाची आहे. आधी कंपनीकडे वारस म्हणून सगळे कागद द्यायचे. कंपनी तपासून हक्कपत्र देते. ते हातात आल्यावरच आयईपीएफ-5 हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग त्याची छापील प्रत, बंधपत्र आणि जोडपत्रं कंपनीच्या नोडल (या कामासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याकडे. कंपनीचा पडताळणी अहवाल गेल्यावर निधी निर्णय घेतो. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून घाईने अर्धवट भरण्यात अर्थ नाही. या फॉर्मला फी नाही. कमिशनवर करून देतो म्हणणाऱ्यांचे फोन ताईला येऊ लागलेत, कारण याद्या सगळ्यांना दिसतात. आईचं पॅन, सहीची प्रत असं काहीही कुणाला द्यायचं नाही असं ठरलंय.

एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सेवापुस्तकाची प्रत इथे तशीच पुन्हा उपयोगी पडली.

म्युच्युअल फंडांसाठीही 'मित्र' नावाची शोधसोय सुरू झाली आहे. पाहिलं, आईच्या पॅनवर काही नाही.

7 ऑक्टोबर 2025

या सप्टेंबरच्या मोसमात आईच्या नावाने पोस्टाने काहीही आलं नाही. तिन्ही डीमॅट कंपन्यांचा डिव्हिडंड आमच्या दोघांच्या खात्यांत निम्मा-निम्मा.

26 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढलेत. बँकांनी ते उशिरात उशिरा 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचे. नॉमिनी नसेल तर वाणिज्य बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत, आणि 15 दिवसांच्या पुढे उशीर झाला तर बँकेने भरपाई द्यायची. आता एखाद्या शाखेत उगाच उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं तर हे निर्देश दाखवावेत. बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतील असा कायदाही या वर्षी झालाय. आईच्या पतसंस्थेत जे झालं, एकुलता नॉमिनीच आधी गेलेला, तसं निदान बँक खात्यात होऊ नये म्हणून हा चांगला उपाय आहे.

9 डिसेंबर 2025

निधीकडचा दावा कंपनीने पडताळून पुढे पाठवला, तसा ईमेल आला. निर्णय बाकी.

वहीत उघडी राहिलेली ही एकच ओळ. ती मिटली की आईचं पॅन रद्द करण्याचा अर्ज ताई करणार आहे. तोवर फाईल तिच्याकडे.